खलनायकाचा पोशाख आणि खलनायकाचे मन

बालसाहित्याची समीक्षा आपल्याकडे फारशी गांभीर्याने होत नाही. मुलांच्या पुस्तकाचे परीक्षण म्हणजे मुखपृष्ठ आकर्षक, चित्रे रंगीत, भाषा सोपी आणि शेवटी 'संस्कारक्षम' असा शिक्का. त्यातही अद्भुतकथा म्हटली की समीक्षक हात झटकून मोकळा होतो. राक्षस, चेटकीण, जादूगार यांच्यात बघायचे ते काय? पण मूल पुस्तक मिटते तेव्हा त्याच्या मनात राहतो तो बहुधा राजपुत्र नव्हे. पुष्कळदा राजपुत्राचे नावही त्याला सांगता येत नाही. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव ठेवणारा राक्षस मात्र त्याला नीट आठवतो. 'वाईट' या शब्दाचा पहिला अर्थ मूल व्याकरणातून शिकत नाही, ते या राक्षसाकडून शिकते. म्हणून दुष्ट पात्र कसे घडवले जाते, हा बालसाहित्यातला किरकोळ प्रश्न मानता येत नाही.

मराठीत वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या मुसलमानांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कल्पना करा, मिरजेतल्या किंवा मालेगावातल्या एखाद्या घरात आठ-दहा वर्षांची मुलगी 'अलादीन' हा डिस्नेचा चित्रपट पाहते आहे. त्यातल्या दुष्ट वजिराचे नाव जाफर. तिच्या चाचांचेही नाव जाफर. वजिराला पगडी आहे, दाढी आहे, अंगात पायघोळ झगा आहे. तिने घरातल्या लग्नात, ईदगाहवर, जुन्या तसबिरीत पाहिलेले सगळे कपडे त्या एका माणसाच्या अंगावर चढवलेले आहेत. ती काही बोलणार नाही. चित्रपट तिला आवडेलही. पण तिच्या शेजारी बसून तोच चित्रपट पाहणाऱ्या मैत्रिणीच्या मनात आणि तिच्या स्वतःच्या मनात काहीतरी जमा झालेले असते. त्याचा हिशेब कोणी करत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. खलनायक दोन रीतींनी घडवता येतो. एक रीत पोशाखाची. दाढी, पगडी, बाकदार नाक, काळा रंग, वेगळी बोली, परके नाव असे काही दिले की मुलाला कळते, हा वाईट. दुसरी रीत मनाची. त्याला काय हवे आहे, ते त्याला कशामुळे हवेसे झाले, आणि ते मिळवताना तो पायरी पायरीने कुठवर घसरला, हे दाखवायचे. पहिली रीत सोपी आहे आणि तिने घडलेला खलनायक लवकर विसरलाही जातो; त्याच्या पोशाखाविषयीची अढी मात्र मागे राहते. दुसऱ्या रीतीचा खलनायक जन्मभर आठवतो, कारण वाचणाऱ्या मुलाने त्याच्यात थोडेसे स्वतःला पाहिलेले असते.

पोशाखाच्या रीतीसाठी जाफरचेच उदाहरण पुरेसे बोलके आहे. डिस्नेचा 'अलादीन' १९९२ सालचा. दुष्ट वजिराला जाफर हे नाव त्याआधी १९४० सालच्या 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटाने दिले होते. इतिहासातला जाफर कोण? हारून अल-रशीदचा वजीर जाफर बरमकी. बरमक हे घराणे मूळ बल्खच्या बौद्ध विहाराशी जोडलेले होते आणि 'प्रमुख' या संस्कृत शब्दावरून ते नाव आले, असे अभ्यासक मानतात. विद्येला आश्रय देणारे हे घराणे. खुद्द 'अलिफ लैला'त जाफर हा खलिफाबरोबर रात्री वेष पालटून बगदादच्या गल्ल्यांतून हिंडतो, आणि खलिफाच्या लहरीपायी त्याचीच मान पुन्हा पुन्हा धोक्यात येते. प्रत्यक्षातही इ.स. ८०३ मध्ये हारूनच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला. म्हणजे इतिहासात जो बळी गेला, तोच पडद्यावर अपराधी झाला. डिस्नेच्या चित्रपटात नायक-नायिका अमेरिकन उच्चारात बोलतात आणि बाजारातले व्यापारी नि पहारेकरी परक्या उच्चारात, ही गोष्ट त्या वेळीच अनेकांच्या लक्षात आली होती. सुरुवातीच्या गाण्यात अरबांच्या देशात चेहरा पसंत पडला नाही तर कान कापतात, अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेतल्या अरब संघटनेने तक्रार केल्यावर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलण्यात आली. त्या देशाला रानटी ठरवणारा शब्द मात्र तसाच राहिला. तो २०१९ च्या नव्या चित्रपटात बदलला. एक शब्द जायला सव्वीस वर्षे लागली.

आता मूळ गोष्ट पाहा. अलादीनची कथा 'अलिफ लैला'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाही. हलब म्हणजे अलेप्पो शहरातल्या हन्ना दियाब या ख्रिस्ती तरुणाने १७०९ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान गालां या फ्रेंच अनुवादकाला ती सांगितली आणि गालांने ती १७१२ मध्ये छापली. या कथेत दुष्ट वजीर नाही, मगरिबहून आलेला जादूगार आहे. तो येतो कसा? अलादीनचा बाप, मुस्तफा शिंपी, वारलेला आहे. पोरगा उनाड आहे. रस्त्यात हा परका माणूस त्याला मिठी मारतो, रडतो आणि म्हणतो, मी तुझ्या वडिलांचा भाऊ. घरी खाण्यापिण्याचा खर्च पाठवतो. मेलेल्या भावाची बसायची जागा कोणती, असे विचारून तिथे बसायला नकार देतो. पोराला नवे कपडे घेतो, दुकान थाटून देण्याचे वचन देतो. आईचे मन वितळते. बाप नसलेल्या मुलाला जे सर्वांत हवे होते ते, म्हणजे काका, तो देऊ करतो. आणि मग त्याच मुलाला भुयारात उतरवून वरून दगड लोटतो.

या जादूगाराचा पोशाख कुणाला आठवतो? त्याचे रडणे आठवते. मूल हे ऐकून घाबरते ते जादूला नव्हे. माया दाखवणारा माणूस खोटा असू शकतो, ही जाणीव त्याला घाबरवते. प्रत्येक मुलाला ही भीती कधी ना कधी ओळखीची होतेच. अठराव्या शतकातल्या त्या कथेकडे असे मन होते आणि विसाव्या शतकातल्या महागड्या चित्रपटाकडे सापाच्या डोक्याची काठी होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या ग्रंथाचा सोळा खंडांत अनुवाद केला. मराठी वाचकाला या परंपरेत जायचे असेल तर दार केव्हाचे उघडे आहे. पडद्यावरच्या जाफरवर अडून बसण्याचे कारण नाही.

एकाच लेखकाच्या हातून दोन्ही रीती कशा वापरल्या जातात हे पाहायचे असेल तर सी. एस. लुईसच्या नार्नियाच्या पुस्तकांकडे वळावे. पहिले पुस्तक १९५० चे. त्यातली गोरी चेटकीण चार भावंडांपैकी एडमंडला एकटा गाठते. तो थंडीने काकडलेला आहे, मोठ्या भावावर चिडलेला आहे. ती त्याला आपल्या गाडीत घेते, अंगावर झगा पांघरते, गरम पेय देते आणि विचारते, तुला खायला काय आवडेल? तो टर्किश डिलाइट मागतो. हे पुस्तक निघाले तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाई रेशनवर होती. ते रेशन १९५३ मध्ये उठले. त्या काळातल्या इंग्रज मुलाला डबाभर मिठाई म्हणजे काय वाटले असेल, याचा विचार करावा. मिठाई मंतरलेली आहे, खाल्ली की आणखी हवीशी वाटते. चेटकीण म्हणते, भावंडांना घेऊन ये, तुला राजपुत्र करीन. एडमंडला आतून कळते आहे की ही चांगली नाही. तरी तो जातो. चेटकिणीची ताकद तिच्या जादूच्या छडीत असेल, पण ती लक्षात राहते एडमंडमुळे. आपल्याच भावाविषयीचा मत्सर तिला दार उघडून देतो, हे वाचणाऱ्या मुलाला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

हाच लुईस १९५४ च्या 'द हॉर्स अँड हिज बॉय' मध्ये आणि १९५६ च्या 'द लास्ट बॅटल' मध्ये वाळवंटापलीकडचे कालोर्मेन राज्य उभे करतो. तिथले लोक सावळे, दाढीवाले, फेटेवाले. बाकदार तलवारी, टोक वर वळलेले जोडे. गुलामांचा बाजार. सम्राटाचे नाव घेतले की तो चिरायू होवो, असे म्हणायचे. आणि त्यांचा देव ताश हा गिधाडाच्या डोक्याचा नि चार हातांचा. फेटा एकाचा, तलवार दुसऱ्याची, चार हातांची मूर्ती तिसऱ्याची. इंग्लंडमध्ये बसून पूर्वेकडे पाहिले की आपण सगळे एकाच गाठोड्यात बांधले जातो, हे आपल्याकडच्या हिंदू आणि मुसलमान दोन्ही वाचकांनी एकत्र बसून वाचण्यासारखे आहे. या कालोर्मेनचा राजपुत्र रबदाश शेवटी गाढव होतो. तो कुणाला आठवतो? गोऱ्या चेटकिणीच्या पासंगालाही तो पुरत नाही, कारण तो क्रूर का, याचे पुस्तकातले उत्तर फार तर इतकेच की तो त्या देशातला आहे.

लुईसवर एकतर्फी निकाल देऊ नये. त्याच कालोर्मेनची अराविस ही मुलगी पहिल्या पुस्तकातली धाडसी नायिका आहे. दुसऱ्या पुस्तकात एमेथ नावाचा कालोर्मेन शिपाई आहे. एमेथ या हिब्रू शब्दाचा अर्थ सत्य. तो आयुष्यभर ताशची भक्ती करतो, पण सचोटीने करतो, आणि सिंहरूपी अस्लान त्याची ती भक्ती स्वतःची म्हणून स्वीकारतो. लेखकाच्या आतला माणूस त्याच्या पूर्वग्रहाच्या भिंतीला असे एखादे भोक पाडून ठेवतो. पण सबंध पुस्तकभर भिंत दिसत राहते आणि भोक एका प्रकरणापुरते, हेही खरेच.

कुणी म्हणेल, गोष्टच ती, इतके काय मनाला लावून घ्यायचे? त्याला उत्तर युरोपच्याच इतिहासात आहे. ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या संग्रहात 'काटेरी झुडपातला यहुदी' नावाची एक गोष्ट आहे. तिचा नायक जादूचे फिडल वाजवून एका यहुद्याला काट्यांत नाचायला लावतो, तो रक्तबंबाळ होतो आणि शेवटी फासावर जातो. वाचणाऱ्याने हसावे अशी योजना आहे. तो खलनायक का, तर तो यहुदी आहे म्हणून. गोष्ट पुढे त्याच्यावर चोरीही लादते, पण काट्यांत नाचवून झाल्यावर. १९३८ मध्ये जर्मनीत 'विषारी अळंबे' या अर्थाच्या नावाचे मुलांचे सचित्र पुस्तक निघाले. चांगल्या अळंब्यांतून विषारी कसे ओळखावे, तसे माणसांतून यहुदी कसा ओळखावा, हे त्यात मुलांना शिकवले होते. त्याचा प्रकाशक युलियस श्ट्रायखर. त्याने स्वतः छळछावणी चालवली नव्हती. द्वेष छापला होता. न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याला दोषी ठरवून १९४६ मध्ये फाशी देण्यात आली. ग्रिमांच्या गोष्टीपासून छळछावणीपर्यंत सरळ रस्ता जातो, असे मी म्हणणार नाही. पण नाकावरून आणि दाढीवरून दुष्टाला ओळखायची सवय बालपणी लावलेली असली की पुढे ती सवय वापरणारा कुणीतरी भेटतोच.

म्हणून आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपल्या घरातल्या पुस्तकांचीही झडती घेतली पाहिजे. 'अलिफ लैला'त दगाबाज हबशी गुलाम येतो तो त्याच्या रंगासकट. अलादीनचा जादूगारही मगरिबचाच का, तर सांगणाऱ्याच्या मनात दूरचा मगरिब म्हणजे जादूटोण्याचा मुलूख. उर्दूतली महान दास्तान 'तिलिस्मे होशरुबा' घ्या. मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर या दोघांनी ती लिहिली आणि लखनौच्या नवल किशोर प्रेसने १८८३ पासून पुढे दहा वर्षांत छापली. मुसलमान लेखक, हिंदू प्रकाशक, आणि कथेत एका बाजूला अमीर हमजाचे इस्लामी लष्कर, दुसऱ्या बाजूला काफिर जादूगार. म्हणजे इथेही धर्म हाच पोशाख. वरवर पाहता लुईसच्या कालोर्मेनचा हा उलटा आरसा.

पण दास्तान वाचू लागले की वेगळेच काही घडते. होशरुबाचा बादशहा अफ्रासियाब हा जादूगारांचा जादूगार आहे. त्याचा दरबार, त्याच्या बागा, दृश्य आणि अदृश्य अशी त्याची राज्ये, त्याची राणी हैरत, पानापानांवर उगवणारे त्याचे सरदार, या सगळ्यांचे वर्णन लेखक इतक्या लोभाने करतो की वाचकाला हे तिलिस्म तुटूच नये असे वाटू लागते. अफ्रासियाबकडे सामरीचा ग्रंथ आहे, त्यात पाहिले की काय चालले आहे ते कळते. तरीही अमर ऐयार वेष पालटून त्याच्या नाकाखालून सटकतो आणि सर्वज्ञ बादशहा पुन्हा एकदा फसतो. त्याचा गर्व हीच त्याची चूक. शिवाय त्याच्या बाजूचे कितीतरी जादूगार आणि जादूगारिणी त्याला सोडून दुसऱ्या बाजूला जातात. महरुख जाते, बहार जाते. माणूस जन्माने ज्या बाजूला आहे तिथेच त्याला मरावे लागत नाही. उर्दूत मुलांसाठी या दास्तानांच्या संक्षिप्त आवृत्त्या निघाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. त्या मुलांना अमीर हमजाची शौर्ये आठवत नसतील, अमर ऐयारची झंबील आणि अफ्रासियाबचा रुबाब आठवत असतो. लेखकाने धर्माचा पोशाख चढवला, पण त्याच्या लेखणीला त्या पोशाखात मावणारे मन पुरेना.

याच नावाचा मूळ अफ्रासियाब फिरदौसीच्या 'शाहनामा'तला तुराणचा राजा. आणि 'शाहनामा'तच मला बालकथेच्या दृष्टीने सर्वांत मोठा वाटणारा खलनायक आहे, तो म्हणजे जह्हाक. फिरदौसीने हे काव्य इ.स. १०१० च्या सुमारास पूर्ण केले. जह्हाकची गोष्ट त्याहून किती तरी जुनी. 'अवेस्ता'त तो अझी दहाक आहे, तीन तोंडांचा आणि सहा डोळ्यांचा सर्प. आपल्या वेदांतला 'अहि' तो हाच शब्द. फिरदौसीने या सर्पाचा माणूस केला. खलनायक कसा घडवावा, याचा धडा इथे आहे.

जह्हाक हा मरदास या सज्जन, ईश्वरभक्त राजाचा मुलगा. तरुण, धाडसी, थोडा उथळ. इब्लिस त्याच्याकडे हितचिंतक होऊन येतो आणि आधी फक्त एक शपथ घेतो, की मी सांगेन ते कुणाला सांगायचे नाही. मग म्हणतो, म्हातारा बाप असताना तू किती दिवस वाट पाहणार? जह्हाक दचकतो, नको म्हणतो. इब्लिस त्याला शपथेची आठवण देतो. पहाटे प्रार्थनेला जाण्याच्या बागेतल्या वाटेवर खड्डा खणला जातो आणि मरदास त्यात पडून मरतो. जह्हाकने स्वतः हात लावला नाही, तो फक्त गप्प बसला. मग इब्लिस स्वयंपाकी होऊन येतो. पहिल्या दिवशी अंड्याचा पदार्थ, मग पाखरांचे मांस, मग त्याहून चमचमीत. खुश झालेला राजा म्हणतो, काय हवे ते माग. स्वयंपाकी म्हणतो, तुमच्या खांद्यांचे चुंबन घेऊ द्या. किती साधी, प्रेमळ मागणी! त्या जागी दोन काळे साप उगवतात. कापले तरी पुन्हा येतात. मग इब्लिस हकीम होऊन येतो आणि औषध सांगतो: रोज माणसाचा मेंदू त्यांना खाऊ घाला. रोज दोन तरुण मारले जाऊ लागतात.

या घसरणीत कुठली पायरी अशी आहे की जिथे मुलाने म्हणावे, हे माझ्याने झाले नसते? शपथ घेतली, गप्प बसला, चवीला भुलला, स्तुतीने फुगला. साप शेवटी येतात. आणि फिरदौसी आणखी एक गोष्ट सांगतो: इराणच्या सरदारांनी स्वतःच जाऊन जह्हाकला बोलावून आणले होते, कारण त्यांचा राजा जमशीद गर्वाने माजला होता. जुलमी राजा आकाशातून पडत नाही, त्याला आमंत्रण गेलेले असते. पुढे हाच जह्हाक आपण न्यायी आहोत अशा कागदावर दरबाऱ्यांच्या सह्या घेत असतो, तेव्हा कावा लोहार आत शिरतो. अठरापैकी सतरा मुले त्याने सापांपायी गमावलेली असतात. तो आपला शेवटचा मुलगा सोडवतो, तो कागद फाडतो आणि आपल्या कातडी पदराचे निशाण भाल्यावर चढवून बाजारात येतो. जुलमी माणसाला चांगुलपणाचे प्रमाणपत्र हवे असते, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत हजार वर्षांपूर्वी सांगितली गेली आहे.

फिरदौसीही पूर्वग्रहातून सुटलेला नाही. त्याने जह्हाकला अरबांच्या मुलखातला केले. सासानी साम्राज्य अरबांच्या हातून कोसळल्याची सल त्याच्या काव्यात जागोजाग आहे. पण त्याच अरब मुलखात त्याने मरदासही ठेवला, गाईगुरांचे दूध गरजूंना वाटणारा. दुष्टपणा रक्तात नाही, हे बापलेक शेजारी उभे करून त्याने सांगितले.

आजच्या काळातली, मराठी मुलांच्या हातात सहज येणारी पुस्तके पाहिली तरी हाच नियम दिसतो. हॅरी पॉटरच्या पुस्तकांतला व्होल्डेमॉर्ट सापासारख्या चेहऱ्याचा होतो तेव्हा तो तितकासा भेडसावत नाही. तो सर्वांत भयंकर आहे दुसऱ्या भागातल्या (१९९८) डायरीत. अकरा वर्षांची जिनी आपले एकटेपण त्या डायरीत लिहिते आणि डायरी समजूतदारपणे उत्तर देते. ऐकून घेणारा कुणी मिळाला, एवढ्यावरच ती पोर त्याच्या हाती जाते. हा अलादीनचा मगरिबी काकाच पुन्हा आला. आणि पाचव्या भागातली (२००३) अम्ब्रिज बाई पाहा. गुलाबी स्वेटर, मांजरीच्या पिलांची चित्रे असलेल्या ताटल्या, गोड आवाज, आणि मुलांच्या हातावर त्यांच्याच रक्ताने वाक्ये कोरवून घेणारी लेखणी. पुष्कळ वाचकांना ती व्होल्डेमॉर्टपेक्षा जास्त नकोशी वाटते, कारण काळ्या जादूचा सम्राट कुणी पाहिलेला नसतो. नियमांच्या नावाखाली मुलांना छळणारे मोठे माणूस मात्र कुणीतरी पाहिलेले असते. तिच्या दुष्टपणाला जात नाही, देश नाही, पगडी नाही. तिची खुर्ची पुरते.

जर्मन लेखक मिखाएल एंडेने 'मोमो' (१९७३) या पुस्तकात तर खलनायकांना चेहराच ठेवला नाही. करड्या कपड्यांतले, करड्या रंगाचे काही गृहस्थ शहरात येतात आणि लोकांना वेळ वाचवायला शिकवतात. म्हाताऱ्या आईजवळ बसता, वेळ वाया जातो. मुलांशी बोलता, वेळ वाया जातो. लोक हिशेब करू लागतात आणि त्यांचे हसणे संपते. चोरलेल्या वेळेच्या सिगार ओढत हे गृहस्थ जगतात, सिगार विझली की ते विरून जातात. आईबापांना वेळ नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्या मुलाला हे गृहस्थ कोणत्या धर्माचे असे विचारावेसेही वाटणार नाही.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' मधली चेटकीण मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतली. दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली, २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी पुन्हा रंगवली, आणि नवी मुलेही तितक्याच आनंदाने किंचाळली. ती भिववते आणि हसवते, एकाच वेळी. मुलांना भीतीवर मात केल्याचा आनंद ती मिळवून देते. सिनेमात पाहायचे तर सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या 'मिस्टर इंडिया' (१९८७) मधला मोगँबो. नाव कुठल्याही जमातीचे नाही, पोशाख कुठल्याही मुलखाचा नाही. दोन मुसलमान लेखकांनी मुलांचा सर्वांत लाडका दुष्ट माणूस उभा केला आणि त्यात कुणाच्याही घरातले नाव वापरले नाही.

मग आपण काय लिहावे? मुसलमान मुलांसाठी मराठीत लिहिणारे थोडे आहेत, आणि जे लिहितात त्यांच्यापैकी बहुतेकांवर एक अदृश्य ओझे असते. बाहेरच्या पुस्तकांत आपण दुष्ट, म्हणून आपल्या पुस्तकात आपण सगळे सज्जन. मग गोष्टीतला सलीम खोटे बोलत नाही, त्याचे अब्बा रागावत नाहीत, मोहल्ल्यात भांडण होत नाही. अशी गोष्ट मूल दोन पाने वाचते आणि खेळायला जाते. त्यात त्याचा दोष नाही. ज्या गोष्टीत धोका नाही तिथे धैर्यालाही काम नाही. पोशाखावरून दुष्ट ठरवणे जितके खोटे, तितकेच पोशाखावरून सज्जन ठरवणेही खोटे. दोन्ही ठिकाणी मन गैरहजर आहे.

मला वाटते, आपल्या लेखकाने खलनायकाला घाबरू नये. दुष्ट जादूगाराचे नाव खुशाल जाफर ठेवावे, पण त्याला हरवणाऱ्या मुलीचे नाव सकीना असावे, त्याच्या तळघरातल्या कैद्यांना चोरून भाकरी देणारा रखवालदार कासम असावा आणि त्याला पैसा पुरवणारा सावकार कुणीही असावा. एकाच वस्तीत सगळे दिसले की नाव हा पुरावा राहत नाही. आणि लिहायला बसण्यापूर्वी आपल्या खलनायकाला तीन प्रश्न विचारावेत. तुला काय हवे आहे? तू मुलाला काय देऊ करतोस? आणि तुझ्या अंगावरचे कपडे काढून घेतले तर तू वाईट आहेस हे वाचकाला कसे कळेल? तिसऱ्याचे उत्तर नसेल तर ते पात्र फाडून टाकावे.

जह्हाकच्या गोष्टीतला एक तपशील संक्षिप्त आवृत्त्यांतून पुष्कळदा गळतो. तो गळू देऊ नये. अर्माइल आणि गर्माइल नावाचे दोन भले गृहस्थ स्वयंपाकी बनून जह्हाकच्या मुदपाकखान्यात शिरतात. रोजच्या दोन तरुणांपैकी दोघांनाही वाचवणे त्यांना शक्य नसते. ते एकाला सोडून देतात आणि त्याच्या जागी मेंढीचा मेंदू मिसळतात. महिन्याला तीस जीव वाचतात. सुटलेल्यांना शेळ्यामेंढ्या देऊन डोंगरात पाठवले जाते. निशाण घेऊन निघालेला कावा आणि गदा घेऊन आलेला फरिदून हे नायक आहेतच. पण राजवाड्याच्या आत, सापांचे ताट वाढणाऱ्यांतही दोन माणसे अशी होती. खलनायक असा खोल रंगवला तरच त्याच्या मुदपाकखान्यातले हे दोघे मुलाला दिसतात.